फसवणाऱ्याचे भांडवल



या सदरात आपण एरवी कागदपत्रांविषयी बोलतो. जातीचा दाखला कसा काढावा, शिष्यवृत्तीचा अर्ज का परत येतो, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातली नावाची चूक कशी दुरुस्त करावी, असे विषय असतात. आजचा विषय कागदाचा नाही, घरातला आहे. तो बोलायला जड आहे म्हणून कोणी बोलत नाही, आणि कोणी बोलत नाही म्हणूनच आपल्या मुलींची आयुष्ये त्यात भरडली जातात. विषय आहे आपल्या तरुण मुली आणि लग्नाच्या गोड वचनाने त्यांना भुलवून लुबाडणारी माणसे.

आधी एक गोष्ट स्वच्छ करू. हा लेख प्रेमाच्या विरोधात नाही, आणि जातीबाहेरच्या लग्नाच्या विरोधात तर मुळीच नाही. जात मोडायची तर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडून ठेवले. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांच्याशी त्यांनी दिल्लीत विवाह केला, तो नोंदणी पद्धतीने, सगळ्या जगाला कळेल असा. म्हणून मुलीने मुलगा निवडला आणि तो दुसऱ्या जातीचा निघाला, एवढ्यानेच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हा लेख आपल्या बाजूचा समजू नये. इथे प्रश्न मुलाच्या जातीचा नाही. प्रश्न फसवणुकीचा आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या एका कामगार वस्तीतली ही हकिकत आहे. घराची ओळख पटू नये म्हणून काम, वय आणि इतर काही तपशील मी बदलले आहेत. मुलगी वीस वर्षांची. सकाळी कॉलेज आणि दुपारपासून रात्री साडेआठपर्यंत कपड्यांच्या दुकानात काउंटरवर नोकरी. वडील वॉचमन, बारा तासांची ड्युटी, पंधरा दिवस दिवसपाळी आणि पंधरा दिवस रातपाळी. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, पहाटे उठते आणि रात्री नऊच्या आत डोळा लागतो. दोन लहान भाऊ. घरात कोणी वाईट नाही, पण कोणाला वेळही नाही. मुलगी कामावरून येऊन झाकून ठेवलेले ताट उघडायची, तेव्हा घर निजलेले असायचे.

त्या दुकानात माल पोहोचवायला एक माणूस येई. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, बोलायला नम्र, नीटनेटका. त्याने सुरुवातीला काहीच मागितले नाही. रोज रात्री नऊ वाजता त्याचा मोबाईलवर एक मेसेज यायचा, “जेवलीस का?”

माता-भगिनींनो, या दोन शब्दांपाशी जरा थांबा. त्या मुलीला दागिने नको होते, हॉटेल नको होते. दिवसभर उभे राहून पाय सुजलेल्या पोरीला, तू जेवलीस का, एवढे कोणीतरी विचारायला हवे होते. घरी ते विचारायला कोणी जागे नव्हते. या माणसाने ते विचारले आणि तिथून तो तिच्या मनात शिरला.

पुढचे टप्पे आता मला पाठ झाले आहेत, कारण अशा चार-पाच घरांत मी जाऊन आले आणि सगळीकडे जवळजवळ तीच पायरी, तोच क्रम दिसला. आधी कौतुक: “तुझ्याएवढी समजूतदार मुलगी मी पाहिली नाही.” मग मैत्रिणींविषयी विष: “ती तुझ्यावर जळते, तिला आपलं काही सांगू नको.” एकेक मैत्रीण तुटत गेली. मग पाळत: आता कुठे आहेस, कोणाशी बोलत होतीस, फोटो काढून पाठव, फोनचा पासवर्ड दे. मुलीला वाटले, ही काळजी आहे. पैशाचेही तसेच. पहिल्यांदा पाचशे रुपये उसने घेतले आणि आठ दिवसांत परत केले. मग हजार घेतले, तेही परत केले. विश्वास बसला. त्यानंतर बाईकचा हप्ता, आईचे औषध, भाड्याचे डिपॉझिट, असे जे गेले ते परत आले नाही.

एके दिवशी मित्राच्या खोलीवर त्याने तिच्या गळ्यात काळी पोत घातली. “आता तू माझी बायको. लोकांसाठीचं लग्न बहिणीचं झालं की करू.” तिने ते खरे मानले. त्याच विश्वासाने पुढचे सगळे झाले आणि त्याच विश्वासाने त्याने फोटोही काढून घेतले. वर्ष उलटल्यावर तिने लग्नाचे नाव काढले, तेव्हा तो म्हणाला, “माझी आई तुमच्या घरची सून चालवून घेणार नाही. तुमचं काय ते तुला माहीत आहे ना?”

तिची जात त्याला त्या दिवशी कळली नव्हती. तिच्या फोनच्या कव्हरवर बाबासाहेबांचा फोटो होता, तो त्याने पहिल्याच दिवशी पाहिला होता. चौदा महिने जात आड आली नाही. लग्नाचा शब्द निघाल्याबरोबर आली.

ती दूर व्हायला लागली तेव्हा धमकी सुरू झाली. फोटो तुझ्या बापाच्या मोबाईलवर टाकतो, दुकानाच्या मालकाला दाखवतो. मुलगी घाबरून पैसे देत राहिली. महिन्याचा पगार नऊ हजार, तो पुरेना, तेव्हा आईच्या कानातले गहाण पडले. नात्यातल्या लग्नासाठी आईने डबा उघडला आणि सगळे बाहेर आले. मुलीला मार बसला. वडिलांनी तिचा फोन फरशीवर आपटला. कॉलेज बंद, काम बंद. पोरगी तीन दिवस जेवली नाही, तेव्हा घाबरून आई मला बोलवायला आली.

“ताई, पोरीनं आमचं नाक कापलं. आता हिला कुठं उजवायची?”

वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, “गावाला आजीकडं टाकून येतो. मला वस्तीत तोंड दाखवायला जागा नाही राहिली.”

मी म्हटले, “दादा, तुमच्या सोसायटीत चोरी झाली तर तुम्ही कुणाला धरता? चोराला, का ज्याच्या घरी चोरी झाली त्याला?” ते काही बोलले नाहीत.

मग मी मुलीजवळ बसले. बराच वेळ ती गप्प होती. शेवटी मी विचारले, “घरी आधीच का नाही सांगितलंस गं?”

ती म्हणाली, “मावशी, तो म्हणायचाच, सांग ना घरी. तुझ्या घरचेच तुला आधी मारतील. कॉलेज सोडवतील. माझ्याशिवाय तुझं कोणी नाही. आणि तसंच झालं ना?”

आई दारात उभी होती. तिने ते ऐकले.

बंधू-भगिनींनो, आजचा सगळा लेख त्या मुलीच्या या एका उत्तरासाठी आहे. हिशेबाच्या टेबलावर काम करणारी मी बाई, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. कुठलाही धंदा भांडवलाशिवाय चालत नाही. या माणसाकडे कोणते भांडवल होते? पैसा नव्हता, तो तर तिच्याकडूनच घेत होता. चार फोटो होते, पण ज्या मुलीला घरी जाऊन सांगण्याची भीती नाही, तिच्यापुढे त्या फोटोंची किंमत शून्य. त्याचे खरे भांडवल त्याच्या खिशात नव्हतेच. ते तिच्या घरात होते. बापाचा राग, आईची शेजाऱ्यांना असलेली भीती, अब्रू म्हणजे फक्त मुलीचे शरीर ही आपली समजूत. हे भांडवल आपण त्याला बिनव्याजी पुरवले. आणि ज्या दिवशी आपण मुलीवर हात उगारला, त्या दिवशी त्याची भविष्यवाणी आपणच खरी करून दाखवली.

काही वाचक म्हणतील, मग काय पोरींना मोकळे सोडायचे? तसे मी म्हणत नाही. कुठे जातेस, कधी येतेस, हे घरात विचारले जायलाच हवे, मुलीला आणि मुलालाही. पण चौकशी वेगळी आणि धाक वेगळा. चौकशी करणाऱ्या घरात मुलगी संकट घेऊन येते. धाकाच्या घरात ती संकट लपवते आणि लपवायला मदत करणारा बाहेर टपलेलाच असतो.

आपल्या धम्मात या माणसाची ओळख अडीच हजार वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला खोट्या मित्राचे चार प्रकार सांगितले. एक, नुसता घेणारा, थोडे देऊन पुष्कळ मागणारा. दुसरा, नुसता बोलणारा, काल तुझ्यासाठी हे करणार होतो, उद्या ते करीन असे म्हणणारा आणि कामाच्या वेळी अडचण सांगणारा. तिसरा, तोंडावर स्तुती आणि पाठीमागे निंदा करणारा. चौथा, नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. वर सांगितलेल्या माणसात हे चारही एकत्र दिसतात. त्याच सुत्तात खऱ्या मित्राचीही खूण आहे: तो स्वतःचे गुपित तुम्हाला सांगतो, तुमचे गुपित जपतो आणि संकटात सोडून जात नाही. तरुण मुलींनो, ही एक खूण पाठ करा. जो तुमचे गुपित मुठीत धरून भीती घालतो, तो प्रियकर नव्हे, साधा मित्रही नव्हे.

आणखी एक कथा आपल्या घराघरांत सांगायला हवी. थेरी भद्दा कुंडलकेसा ही राजगृहाच्या श्रीमंत सेठीची मुलगी. फाशीसाठी नेल्या जाणाऱ्या एका चोरावर तिचे मन बसले. बापाने खटपट करून त्याला सोडवले आणि तिचे त्याच्याशी लग्न लावून दिले. त्याचा डोळा मात्र तिच्या दागिन्यांवर. नवस फेडायचा आहे असे सांगून त्याने तिला सगळे दागिने घालून डोंगराच्या कड्यावर नेले आणि तिथे मारण्याची भाषा केली. भद्दा सावध झाली. शेवटचा नमस्कार करते, आलिंगन देते, असे सांगून ती त्याच्या मागे गेली आणि तिनेच त्याला कड्यावरून ढकलले. ही कथा अट्ठकथेत आहे. ती सांगताना मी कुणाला कड्याची वाट दाखवत नाही. आज आपल्याला कायदा आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या पुढचे.

जीव वाचवून भद्दा घरी गेली नाही. जिच्या बापाने तिच्यासाठी एवढे केले, तिलाही अशा अवस्थेत घरी जाण्याचे धैर्य झाले नाही. ती आधी निगंठांच्या पंथात गेली, शिकली, गावोगाव वादविवाद करत फिरली. सारिपुत्तांशी वादात हरल्यावर ती भगवंतांकडे आली. तू अशा माणसावर भुललीसच कशी, असा जाब विचारून संघाचे दार तिला बंद झाले नाही. पुढे भगवंतांनीच तिला, त्वरित ज्ञान होणाऱ्या भिक्खुणींमध्ये श्रेष्ठ म्हणून गौरविले. फसलेली मुलगी बुद्धीने कमी असते, हा आपला समज या एका थेरीने खोडून काढला आहे. संघाचे दार जिला उघडे राहिले, तशा मुलीला आपल्या खोलीचे दार बंद करणारे आपण कोण?

आता मुलींशी थोडे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना सांगितले होते की लग्नाची घाई करू नका, आणि लग्न कराल तेव्हा नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभ्या राहा, दासी होऊ नका. लग्नाआधीच्या नात्यालाही तेच माप लावा. प्रेम खरे की खोटे हे पोथीत पाहून कळत नाही, पण पुढचे पाच प्रश्न स्वतःला विचारा.

१) तो तुम्हाला दिवसाउजेडी आपल्या घरच्यांपुढे, मित्रांपुढे नेतो का, की भेट नेहमी चोरून, त्याच्याच सोयीने?

२) तुम्ही एखाद्या गोष्टीला “नाही” म्हटले तर तो काय करतो? ऐकतो, की रुसतो, रडतो, हाताची शीर कापण्याची भाषा करतो?

३) पैसा कोणाकडून कोणाकडे जातो?

४) त्याच्या ओळखीनंतर तुमचे शिक्षण, नोकरी, मैत्रिणी वाढल्या की कमी झाल्या?

५) लग्न म्हटल्यावर तो तारीख सांगतो की कारण सांगतो?

पाचव्या प्रश्नाला एक सोपी कसोटी आहे. विशेष विवाह कायदा १९५४ सालापासून आहे. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा असेल तर कोणत्याही जातिधर्माची दोन माणसे विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देऊन, तीस दिवसांनंतर, तीन साक्षीदारांसमक्ष लग्न करू शकतात. ज्याला खरोखर लग्न करायचे आहे त्याला हा रस्ता मोकळा आहे. बंद खोलीत, साक्षीदाराशिवाय गळ्यात घातलेल्या पोतीला कायद्यात लग्न म्हणत नाहीत.

आणि फसवणूक झालीच तर काय करावे? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ६९ नुसार, लग्न करण्याचा हेतूच नसताना तसे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मात्र प्रत्येक मोडलेले प्रेम गुन्हा होत नाही, हेही समजून घ्या. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला: वचन देतानाच ते खोटे होते हे दिसले पाहिजे, पुढे परिस्थितीमुळे लग्न झाले नाही एवढे पुरत नाही. म्हणून पुरावा फार महत्त्वाचा.

फोटोंची धमकी देऊन पैसे काढणे ही खंडणी आहे. मुलीने फोटो काढू दिला असला तरी तो तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दाखवण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. न्याय संहितेचे कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायदा यांत त्याला शिक्षा आहे. नको म्हटल्यावरही पाठलाग करणे, फोन आणि मेसेज करत राहणे हा कलम ७८ चा गुन्हा आहे. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो कायदा, २०१२ लागतो, तिथे तिची संमती होती हा बचाव चालत नाही.

आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लागतात का, हे वकिलाला जरूर विचारा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना संविधान आदेशात मान्यता मिळालेली आहे. आम्ही बौद्ध, आम्हाला तो कायदा लागू नाही, असे कोणी ठाण्यात सांगितले तर ते चूक आहे. जातीचा दाखला बरोबर न्या.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी. अशा गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. एफ.आय.आर.ची प्रत विनामूल्य मिळते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून मागे हटू नका: विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००. महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२, ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३०, लहान मुलांसाठी १०९८. हे आकडे कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

दिवस गेले असतील तर गल्लीतल्या वैदूकडे किंवा कोणाच्याही गोळ्यांवर जाऊ नका. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात कायदेशीर आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असे सांगितले. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

एक सूचना बापांना. संतापात मुलीचा फोन फोडू नका. त्या फोनमध्ये त्या माणसाचे प्रत्येक वचन, प्रत्येक धमकी तारखेसकट लिहिलेली असते. फोन फोडणे म्हणजे चोराचा पुरावा आपल्या हाताने जाळणे. मेसेज पुसू नका, सिमकार्ड बदलू नका, आणि धमकीला एक रुपयाही देऊ नका.

आमच्या प्रकरणात फोनची काच फुटली होती, पण फोन चालू राहिला. मी मुलीला शंभर पानी वही दिली आणि म्हटले, “बाळ, रडू नंतर. आधी तारीखवार लिही.” बँकेचे स्टेटमेंट आणि मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांची यादी समोर ठेवून आम्ही दोघींनी दोन रात्री हिशेब लावला. बेरीज ४८,३०० रुपये निघाली, कानातले वेगळे. बेरजेखाली रेघ मारताना ती म्हणाली, “मावशी, मी एवढी कमावत होते?” त्या प्रश्नानंतर तिचा आवाज बदलला. पोलीस ठाण्यात महिला मंडळाच्या तिघी आमच्यासोबत आल्या. वडिलांनी पाळी बदलून घेतली आणि तेही आले. ठाण्यात मुलगी बोलली, बापाने फक्त तिच्याशेजारी बसून राहायचे, असे ठरले होते. ते बसून राहिले. प्रकरण तपासात आहे म्हणून अधिक लिहीत नाही. मुलगी परीक्षेला बसली. आता रात्री नऊ वाजता आई झोप मोडून उठते आणि तिला ताट वाढते.

आता आपल्याच घरातल्या मुलांविषयी. फसवणारा नेहमी बाहेरचाच असतो असे समजू नका. मोर्चात पुढे, जयंतीच्या वर्गणीत पुढे, भाषणात सावित्रीमाई आणि रमाई, आणि पाठीमागे एखाद्या मुलीला दोन वर्षे लग्नाच्या आशेवर ठेवून हुंडा देणारे स्थळ आले की तिकडे वळणारे तरुण आपल्याही वस्तीत आहेत. अशा वेळी “चळवळीची बदनामी होईल” म्हणून मुलीलाच गप्प बसवले जाते. बदनामी अन्याय झाकल्याने होते, उघडा केल्याने नाही. पंचशीलातले तिसरे शील कामातल्या दुराचारापासून दूर राहण्याचे आणि चौथे खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे. लग्नाचे खोटे वचन देणारा ही दोन्ही शीले एकदम मोडतो. विहारात हात जोडून ती म्हणणाऱ्या आपल्या मुलाला त्यांचा हा रोजच्या जगण्यातला अर्थ कोण सांगणार? मुलगी सांभाळा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. मुलगा घडवा, असे सांगणारा बाप हवा.

प्रत्येक विहारात आणि महिला मंडळात आपण एवढे करू शकतो. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलींसाठी ठेवावा, जिथे पुरुष मंडळी बसणार नाहीत आणि बोललेले बाहेर जाणार नाही. वस्तीतल्या दोन वडीलधाऱ्या स्त्रियांची नावे मुलींना माहीत असावीत, ज्यांच्याकडे घरी सांगण्याआधी जाता येईल. अट एकच: त्या स्त्रियांनी पहिला प्रश्न “तू असं का केलंस?” असा विचारायचा नाही. “तुला काय मदत हवी?” असा विचारायचा.

आणि घरी, आज रात्री जेवताना, आपल्या मुलीला एक वाक्य सांगा: “बाळ, काहीही झालं, चूक तुझी असली तरी, आधी मला सांग. मी आधी ऐकेन.” हे वाक्य संकटाच्या दिवशी सांगून उपयोग नाही, ते आधीच तिच्या कानावर असले पाहिजे. म्हणजे उद्या कोणी तिला म्हणाला की तुझ्या घरचेच तुला मारतील, तर तिला मनात ठाऊक असेल की हा खोटे बोलतो आहे. ज्या घरात मुलगी एवढे जाणते, त्या घराच्या दारात या धंद्याचे दिवाळे निघते.

पुढील अंकात शिष्यवृत्तीच्या अर्जात होणाऱ्या नेहमीच्या चुका पाहू.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं.